कातळातल्या डबक्यातला मासा घरच्या टँकमध्ये जगेल का?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रविवारी त्या घरच्यांबरोबर आरे-वारेला गेल्या होत्या. ओहोटीला कातळ उघडा पडला होता. मुलीने आणि भाच्याने एका डबक्यातून पिठाच्या चाळणीने पाच मासे पकडले. बोटाएवढे, मातकट रंगाचे, अंगावर ठिपके. वीस लिटरच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून ते घरी आणले, शोभेला त्याच डबक्यातले खडकाचे दोन तुकडेही आणले. दोन फुटी टँक अर्धाही भरेना म्हणून नळाचं पाणी ओतून अंदाजाने खडे मीठ घातलं. मंगळवारी पाणी गढूळ झालं, दोन मासे मेले, एक सकाळी फरशीवर वाळलेला सापडला. दोन उरलेत. त्या विचारतात, मीठ किती घालू म्हणजे हे दोन जगतील? शेवटी एक ओळ आहे: मुलगी विचारतेय, परत सोडला तर त्याला त्याचं घर सापडेल का?

ताई, मी सांगलीत बावीस वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक बसवतो आणि सांभाळतो. असा प्रश्न दर उन्हाळी सुट्टीत दोन-तीनदा तरी येतो आणि दर वेळी तो मिठाचाच असतो. मिठाबद्दल सांगतोच, पण तुमचे मासे मिठाने मेले असं मला वाटत नाही. आधी आज रात्री काय करायचं ते वाचा, कारणं नंतर.

ते दोन मासे टँकमधून काढा. मोठी, स्वच्छ, साबण न लागलेली प्लास्टिकची बादली घ्या. कॅनमध्ये समुद्राचं मूळ पाणी थोडं जरी शिल्लक असेल तर ते वापरा. नसेल तर सांगली, कोल्हापूर नाहीतर पुण्याच्या मत्स्यालयाच्या दुकानातून ‘मरीन सॉल्ट’ म्हणून मिळणारं तयार मिश्रण मागवा आणि आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या मापाने कालवा. एअर पंप लावून ते रात्रभर फिरू द्या आणि मग वापरा. ते हाती येईपर्यंत टँकमधलंच वरचं, त्यातल्या त्यात नितळ पाणी बादलीत घ्या आणि एअर पंप अखंड चालू ठेवा. बादलीत पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे टाका, लपायला जागा मिळाली की मासा शांत होतो. बादलीवर जाळी किंवा सुती कापड घट्ट बांधा. खायला काहीही घालू नका, दोन-तीन दिवस उपास घडल्याने हे मासे मरत नाहीत. मिश्रण आलं की रोज चौथा हिस्सा पाणी बदला. आणि ते खडकाचे तुकडे आत्ताच्या आत्ता बाहेर काढून वास घेऊन बघा.

माझा पहिला संशय त्या तुकड्यांवर आहे. डबक्यातला खडक म्हणजे नुसता दगड नव्हे. त्याला कालवं चिकटलेली असतात, बारीक शंख असतात, भेगांत किडे असतात, वर शेवाळ असतं. पाच तास कॅनमध्ये आणि दोन दिवस घरात राहिल्यावर त्यातलं बरंच काही मेलं आणि कुजायला लागलं. कुजण्यातून अमोनिया निघतो, माशांच्या कल्ल्यांतूनही तोच बाहेर पडतो. समुद्रात तो विरून जातो. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये जिवाणूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच, ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टँकचं वय दोन दिवस. गढूळपणा म्हणजे कुजणाऱ्या मालावर वाढलेले वेगळे जिवाणू, आणि तेही पाण्यातला ऑक्सिजन खातात.

मासे घरी पोचले तेव्हा टवटवीत होते आणि नंतर बिघडले, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण कळून घेण्यासारखं आहे. बंद कॅनमध्ये माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि त्या पाण्यात बराचसा अमोनिया कमी घातक रूपात राहतो. घरी आल्यावर आपण झाकण उघडतो, एअर स्टोन लावतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला त्याच्याच घाण पाण्यात तासन्‌तास ठेवून थेंब थेंब नवं पाणी मिसळत बसणं मी सोडून दिलं. तापमान आणि खारटपणा आधी जुळवून ठेवायचा आणि मासा लगेच चांगल्या पाण्यात घ्यायचा.

गोड्या पाण्याच्या टँकसाठी अमोनिया शोषणारे पांढरे खडे मिळतात, झिओलाइट. कुणी सुचवले तर घेऊ नका. खाऱ्या पाण्यात इतका सोडियम असतो की त्या खड्यांची जागा तोच अडवून बसतो, अमोनियाला जागा उरत नाही.

आता मीठ. खडे मीठ समुद्राचंच, मग ते परत पाण्यात टाकलं की समुद्राचं पाणी का होत नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे. मिठागरात पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. कॅल्शियमचे बरेचसे आधी बसतात, मग आपलं मीठ बसतं, आणि मॅग्नेशियम असलेलं कडू पाणी वर राहतं. ते पाणी काढून टाकतात, म्हणून तर मीठ खाण्याजोगं लागतं. समुद्राच्या क्षारात सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनाने सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच सांभाळणारे बायकार्बोनेट येतात. खडे मीठ घालून खारटपणा जुळतो, हा १५ टक्क्यांचा भाग जुळत नाही. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन होता, तो कल्ल्यांना भाजतो. आयोडीनची भीती मात्र उगाच घेतली जाते, तेवढ्या आयोडीनने मासा मरत नाही.

मासा कोणता, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तुमच्या फोटोत तो वरून दिसतो. तेवढ्यावर मी पैज लावणार नाही, पण तुम्ही स्वतः ओळखू शकाल. काचेच्या बरणीत घेऊन बाजूने आणि खालून बघा. पाठीवर दोन वेगळे पर आणि पोटाखाली दोन पर जुळून झालेली वाटी दिसली तर तो गोबी. त्या वाटीने तो खडकाला चिकटतो, लाट आली तरी सुटत नाही. कातळातल्या डबक्यांत बहुतेक वेळा बॅथिगोबियस प्रजातीतले गोबी सापडतात. त्यांच्या छातीच्या पराचे वरचे काटे केसांसारखे सुटे असतात आणि अंगाचा रंग खडकाप्रमाणे गडद-फिका होतो. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत लांबलचक पर, अंग खवल्यांविना बुळबुळीत, डोळ्यांवर बारीक तुरे आणि गळ्याखाली दोन बोटांसारखे पर टेकून बसलेला दिसला तर तो ब्लेनी. गोबी मांसाहारी आहे, कोळंबीचा बारीक तुकडा खातो. डबक्यांतले बरेच ब्लेनी दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांना नुसती कोळंबी पुरत नाही. तिसरी शक्यता म्हणजे अंगावर उभे काळे पट्टे असलेलं, सतत पोहणारं पिल्लू. ते अबुडेफडफ असतं आणि डबक्यात फक्त बालपण काढतं. मोठं झालं की वीतभर होतं, दोन फुटी टँक त्याला कधीच पुरत नाही. तुम्ही ठिपके आणि मातकट रंग लिहिलाय, म्हणून मी पुढचं गोबी धरून लिहितो.

लोक मला म्हणतात, अहो, डबक्यातला मासा म्हणजे सगळ्यात चिवट मासा. उन्हात तापतो, पावसात भिजतो, तरी जगतो, मग घरात का मरावा? हे अर्धं खरं आहे. एप्रिलच्या दुपारी काळ्या कातळावरच्या डबक्यात हात घातलात तर पाणी कोमट नाही, चक्क गरम लागतं. आटल्याने ते जास्त खारट झालेलं असतं. पावसाळ्यात त्याच डबक्यात सर पडली की पाणी अळणी होतं. गोबी हे सोसतो, पण किती वेळ? पाच-सहा तास. मग भरती येते आणि तापलेलं, घाण झालेलं, ऑक्सिजन संपलेलं सगळं पाणी धुऊन नेते. दिवसातून दोनदा. त्याचा चिवटपणा भरतीच्या भरवशावर उभा आहे. तासगावच्या टँकमध्ये त्याला ओहोटी मिळाली आणि भरती आलीच नाही. खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणं म्हणजे माझ्या मते भरतीचं काम हाताने करणं: पाणी बदलणं, फिरवणं, थंड ठेवणं.

फरशीवर सापडलेल्या माशाचंही हेच. कुणीतरी तुम्हाला तो घाबरून उडाला असं सांगितलंय. मला ते पटत नाही. लेस्टर आरॉन्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५१ साली याच बॅथिगोबियसच्या अटलांटिकमधल्या भाऊबंदावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. ओहोटीला डबक्यात अडकलेला हा मासा डिवचला तर उडी मारून शेजारच्या डबक्यात पडतो, तिथून तिसऱ्यात, आणि असा समुद्रापर्यंत पोचतो. डबक्यात बसून त्याला शेजारचं डबकं दिसत नाही, तरी उडी सहसा चुकत नाही. आरॉन्सनने कृत्रिम डबकी करून पाहिलं. भरतीसारखं पाणी वर चढवून माशांना त्या सगळ्या भागावर पोहू दिलं, मग पाणी उतरवलं. ज्यांना असं पोहायला मिळालं त्यांच्या उड्या बरोबर पडल्या, ज्यांना मिळालं नाही त्यांच्या बहुतेक चुकल्या. म्हणजे भरतीच्या वेळी खडकावरून पोहताना मासा खालचे खळगे लक्षात ठेवतो. पुढच्या प्रयोगांत ही आठवण सुमारे ४० दिवस टिकल्याचं दिसलं.

बोटाएवढा मासा मनात कातळाचा नकाशा बाळगतो, हे वाचलं त्या रात्री मी टँकसमोर बराच वेळ बसून राहिलो होतो. तुमच्या माशालाही पाणी खराब झाल्याचं कळलं आणि त्याच्या जातीने लाखो वर्षं जे केलं तेच त्याने केलं: खराब डबकं सोडलं. पलीकडे फरशी होती. म्हणून झाकण घट्ट हवंच, आणि झाकण असूनही मासा उड्या मारत असेल तर आधी पाणी तपासायचं.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. मी तिसऱ्या मजल्यावर होतो, घर वाचलं, पण लाईट चार दिवस नव्हती. माझ्या चार फुटी टँकमध्ये दोन क्लाउनफिश होते आणि एक डबक्यातला गोबी. एक गृहस्थ गाव सोडताना तो माझ्याकडे देऊन गेले होते. बॅटरीवरचा पंप दुसऱ्या दिवशी बंद पडला. मग मी तासातासाने तांब्याने पाणी उचलून वरून सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही क्लाउनफिश गेले. गोबी मात्र फिल्टरच्या पाइपला पोटाची वाटी लावून, अर्धं डोकं पाण्याबाहेर काढून बसला होता. लाईट आली तेव्हा तो जिवंत होता आणि मला वाटलं, हा वाचला. मी फिल्टर तसाच सुरू केला. चार दिवस पाणी न फिरल्याने फिल्टरमधले जिवाणू मेले होते, ती सगळी घाण टँकमध्ये आली. दहा दिवसांनी गोबीही गेला. सोसण्याचं त्याचं काम त्याने चोख केलं होतं, पाणी बदलण्याचं माझं काम मी वेळेवर केलं नाही. तेव्हापासून लाईट दोन-तीन तासांहून जास्त गेली की फिल्टर धुतल्याशिवाय मी सुरू करत नाही.

मग आपल्या भागात समुद्री टँक ठेवूच नये का? ठेवता येतो, मी ठेवतोच. पण इथल्या हवेचा हिशेब धरावा लागतो. उन्हाळ्यात सांगली-तासगावला पारा चाळिशीला टेकतो आणि टँकचं पाणी २५-२७ अंशांवर ठेवायचं असतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि खाऱ्यात त्याहून कमी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पंखा पाण्यावर सोडला की दोन-तीन अंश उतरतात, कारण आपल्याकडची हवा कोरडी आहे. त्याच कोरड्या हवेने पाणी मात्र भराभर उडतं. समजा टँकमध्ये ६० लिटर पाणी आहे आणि आठवड्यात १० लिटर उडालं. मीठ उडत नाही, ते उरलेल्या ५० लिटरमध्येच राहतं. लिटरला ३५ ग्रॅम होतं ते ४२ झालं. उडालेल्याच्या जागी खारं पाणी घालणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. रोज, तेवढंच, गोडं आरओचं पाणी घालायचं. बोअरचं घालू नका. आपल्या ऊसपट्ट्यात अनेक बोअरचं पाणी जड असतं, त्यात नायट्रेटही असू शकतं. खारटपणा मोजायला जिभेवर किंवा तरंगत्या काट्यावर न विसंबता रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

तुमच्या घरी हे सगळं आधी झालं असतं, टँक सहा आठवडे माशांविना मुरला असता, तर मी म्हटलं असतं, ठेवा एक गोबी. आज ते शक्य नाही. मुरत असलेल्या टँकमध्ये या दोघांना ठेवणं म्हणजे त्यांना सहा आठवडे अमोनियात ठेवणं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: येत्या रविवारी परत नेऊन सोडा. दोनशे किलोमीटर दोन बोटभर माशांसाठी जास्त वाटतील, पण तुमच्या मुलीच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्ही जाल.

एक अट आहे. या टँकमध्ये, जाळीत किंवा फिल्टरमध्ये आधी दुसरे मासे असतील, दुकानातले गोल्डफिश वगैरे, तर परत सोडू नका. दुसरीकडचा रोग समुद्रात जाऊ शकतो. तसं असेल तर मला कळवा, माझ्याकडच्या मुरलेल्या टँकमध्ये त्यांना जागा करीन. कृष्णेत किंवा येरळेत सोडण्याचा विचारही नको. कृष्णेत गोबी असतात, ग्लॉसोगोबियस जिउरिस, वाळूवर पोट टेकून बसणारा. दिसायला भाऊ वाटतो, पण तो गोड्या पाण्याला सरावलेला आहे, तुमचा नाही.

जाताना एक दिवस आधीपासून खायला काही देऊ नका. रुंद बादली, निम्मं पाणी, वर जाळी, बॅटरीचा एअर पंप सबंध रस्ताभर चालू. घाट उतरल्यावर उकाडा वाढतो, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बर्फाची बाटली बादलीच्या बाहेरून टेकवा. ओहोटी कधी ते ठरवायला कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, मग ओहोटी पाच-सव्वापाचला. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार उतरत नाही, कदाचित तुमचं डबकं उघडं पडणार नाही. तरी कडेच्या शांत पाण्यात, खडकाला लागून सोडलंत तर चालेल. लाटा जोरात असतील तर कातळावर उतरू नका, मुलांना तर नकोच.

खडकाचे तुकडेही घेऊन जा. गोबी आणि ब्लेनी, दोघांचेही नर दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतात, पराने पाणी घालत राहतात. उलटलेला दगड त्याच बाजूने परत ठेवायचा, एवढं मुलांना एकदा दाखवलं की ती विसरत नाहीत. हेही सांगून ठेवतो की मालवणला गेलात तर तिथून काहीच उचलू नका. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. आणि प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना कायद्याचं संरक्षण आहे, ते कुठल्याही किनाऱ्यावरून आणता येत नाहीत. मुलांना समुद्री मासे काचेआड बघायचे असतील तर त्याच फेरीत रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवा.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. रविवार ते रविवार सात दिवस होतात. अटलांटिकमधल्या त्या भाऊबंदाची आठवण ४० दिवस टिकली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या माशाची तेवढीच टिकते असं मी छातीठोक सांगणार नाही, पण सात दिवसांत तो सगळं विसरला असेल असं मला वाटत नाही. म्हणून शक्य झालं तर तेच डबकं शोधा. तिला म्हणावं, बादली पाण्यात बुडवून आडवी कर, माशाला हात लावू नकोस, तो स्वतः निघेल. आधी थोडा वेळ तळाशी पोट टेकून बसेल. मग कुठल्या कपारीकडे जातो ते बघ, आणि मला लिहून कळव.